पानी नक्को

चिक्कडपल्लीत मुकुंदराव वकिलांच्या घराला कोणी वकिलांचं घर म्हणत नसे. काट्यांचं घर म्हणत. मुकुंदरावांना त्याचं वाईट वाटे, त्यांच्या बायकोला मुळीच वाटत नसे. पद्मावतीने गच्चीवर निवडुंगं जमवली होती, चारही कठडे भरतील इतकी. काही खांबासारखी उंच, काही चपटी, काही लिंबाएवढी गोल, काही बिनकाट्यांची पण पानं गुबगुबीत, पाणी साठवून बसलेली. कुंड्या म्हणजे बेगम बाजारातून आणलेल्या मान तुटलेल्या सुरया आणि डालड्याचे डबे. मातीत वाळू, विटांचा चुरा आणि कोळसा, सगळं चाळून घेतलेलं. स्वयंपाकाचं पीठसुद्धा ही इतकं चाळत नाही, असं मुकुंदराव म्हणत, आणि ते खोटं नव्हतं.

सासूबाईंचं, म्हणजे भामाबाईंचं, दुखणं वेगळं. काटेरी झाडाने घरात भांडणं होतात, असं त्या येताजाता ऐकवत. "झाडांमुळे होत नाहीत, झाडांवरून होतात," असं पद्मावती उत्तर देई, आणि मग भांडण होई.

या सगळ्यांत तिचा जीव की प्राण होता तो एक पांढऱ्या केसांचा निवडुंग. सत्तेचाळीस साली सिकंदराबादच्या छावणीतले साहेब लोक गाशा गुंडाळून निघाले, तेव्हा एका बंगल्याच्या माळ्याच्या मागे लागून तिने तो मिळवला होता. हातभर उंच खांब, आणि अंगभर पिंजलेल्या कापसासारखे केस. तिने त्याचं नाव ठेवलं आजोबा. पावसाळ्यात आजोबांच्या डोक्यावर पत्रा असे, आणि त्यांना पाणी घालायला घरातल्या कोणालाही सक्त मनाई होती. "ही झाडं तहानेने मरत नाहीत," ती सांगे, "लोकांच्या मायेने मरतात."

भिंतीला भिंत लागून रहीमुन्निसा आपांचं घर होतं. आपा विधवा, मूलबाळ नाही, गुडघे धरलेले, आणि जीभ मात्र ठणठणीत. दोन्ही गच्च्यांमध्ये कमरेएवढीच भिंत, तिच्यावर कोपरं टेकून आपा हसत, "क्या बाई, लोगाँ मुर्ग्याँ पालते, तुम काटे पालते."

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात हसणं बंद झालं. रझाकारांच्या धास्तीने गल्लीतली घरं एकेक करून कुलपं लावू लागली. मुकुंदरावांनी एका खटल्यात कोणाची तरी नाराजी ओढवून घेतली होती. एका अशिलाने येऊन कानात सांगितलं, वकीलसाब, उद्याच निघा. सोलापूरला नणंद होती. एकेक ट्रंक घ्यायची, बाकी सगळं देवाच्या हवाली करायचं, असं ठरलं.

"आजोबांना घेऊ?" पद्मावतीने विचारलं.

"लोक गाडीच्या दाराला लोंबकळून चाललेत, आणि तू कुंडी मांडीवर घेऊन बसणार?"

तिने वाद घातला नाही. रात्रीतून एकेक कुंडी उचलून सगळी झाडं आपांच्या भिंतीलगतच्या पत्र्याखाली नेली, म्हणजे पावसाचा थेंब लागायला नको. पाण्यावाचून ती सहा महिने सहज काढतील. चांगल्या साड्या आणि पितळेची भांडी तिने मुद्दाम घरातच ठेवली. नवऱ्याने कपाळाला हात लावला. "आपण परत येणार आहोत," ती म्हणाली, आणि त्यावर बोलायची कोणाची टाप नव्हती.

सकाळी टांगा आला. निघताना भामाबाईंचा नियम कडक: निघालेल्याला मागून टोकायचं नाही, आणि निघालेल्याने मागे वळून नकाराचा शब्द काढायचा नाही. तसं झालंच तर उतरून घरात बसायचं, घोटभर पाणी प्यायचं, आणि मगच पुन्हा निघायचं. नियम काही त्यांचा एकटीचा नव्हता. गल्लीत हिंदू काय, मुसलमान काय, सगळेच पाळत.

टांगा हलणार तोच आपा लंगडत दारात आल्या. "बाई! झाडाँ की फिकर नक्को करो! मैं देख लेतूँ!"

आपांचं बघणं म्हणजे काय, हे पद्मावतीला चांगलं ठाऊक होतं. त्या गल्लीतल्या मांजरांनाही बघत, आणि मांजरांना चालवत नसे इतकी ती फुगली होती. तोवर टांगा हलला होता. पद्मावती गर्रकन वळली. "आपा, पानी न..."

भामाबाईंचा हात तिच्या तोंडावर आला. "शहाणी आहेस की नाही? गाडी चुकवायचीय?"

शब्द तोंडातच राहिला आणि टांगा कोपऱ्यावरून वळला. सोलापूरहून पत्रं पोचत नव्हती. आपांचे गुडघे असे, जिना तसा उभा, त्या कशाला वर जातील, अशी ती मनाची समजूत घालत राहिली. सप्टेंबरात निजामाने शस्त्रं खाली ठेवल्याची बातमी आली. नणंदेच्या वाड्यात साखर वाटली गेली. पद्मावतीने साखर तोंडात टाकली आणि विचारलं, गाड्या कधी सुरू होतायत?

दिवाळीच्या आधी ती परत आली. ट्रंक खाली ठेवायच्या आत गच्चीवर गेली.

वर कुजका वास होता. पत्रा काढून बाजूला ठेवलेला, कुंड्यांवर हिरवं शेवाळ, आणि सुरयांतून अजून पाणी पाझरत होतं. गोल निवडुंगं खालून काळी पडून बसली होती. आजोबा तेवढे उभे होते. तिने हात लावला, तर ते उकडलेल्या रताळ्यासारखे बुडातून वाकले आणि आडवे झाले.

ती तिथेच रडली, आणि रडता रडता तिला भयंकर संताप आला. आपांना काय काय सुनवायचं, ते तिच्या ओठावर तयार होतं.

तेवढ्यात पलीकडच्या जिन्यावर पावलं वाजली. एक पायरी, मग थांबणं, मग पुन्हा एक पायरी. आपा वर आल्या, हातात पाण्याने भरलेला तांब्याचा लोटा. पद्मावतीला बघून त्यांचा चेहरा फुलला.

"आ गये तुम! देखो, एक रोज भी नागा नै करी. नल कू पानी नै था, तो पीने के पानी में से दी. बाद में हिंद की फौज आयी, हमारे लोगाँ डर के मारे दरवाजे बंद कर के बैठे, तब भी मैं ऊपर आयी. मेरे कू लग्या, ये सूख गये तो तुम आतेच नै."

पद्मावतीच्या ओठावरचं सगळं विरून गेलं. आपांच्या बोटांत बारीक कुसळं रुतलेली तिला दिसली, जुनी आणि नवी.

पण आपा काही खुळ्या नव्हत्या. त्यांची नजर आडव्या पडलेल्या आजोबांवर गेली. "मर गये क्या? मेरे पानी से?"

खोटं बोलणं पद्मावतीच्या स्वभावात नव्हतं. "हौ आपा. पानी से." आपांनी हातातला लोटा भिंतीवर ठेवून दिला. "अभी सब नै मरे," पद्मावती म्हणाली, आणि खाली जाऊन विळी घेऊन आली.

तिने आजोबांना बुडाकडून कापायला घेतलं. चकती कापली, आत तपकिरी डाग. आणखी वर कापलं, डाग. भामाबाई जिन्यातून विचारत होत्या की भाजीच्या विळीवर हे काय चाललंय, तिकडे तिने लक्ष दिलं नाही. हातभर खांबाचा मुठीएवढा शेंडा उरला, तेव्हा कुठे आतला गर स्वच्छ निघाला. तो तिने भिंतीवर सावलीत ठेवला.

"अब?" आपांनी विचारलं.

"अब कुछ नै. घाव सूखने देना. मैं बोले तक पानी नक्को."

"मैं कां रहतूँ तब तक," आपा हलकेच म्हणाल्या. "भांजा आया है. मुंबई से जहाज है, कराची जाना बोलता. मेरे कू जाना नै है बाई. पन यहाँ मेरा कौन है?"

पद्मावती खाली येऊन नवऱ्याच्या मागे लागली, आपांना थांबवा म्हणून. मुकुंदराव म्हणाले, हा त्यांच्या घरातला मामला आहे. ते बरोबरच होतं, आणि तिचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता.

शुक्रवारी आपांच्या दारात टांगा लागला. भाच्याने, अन्वरने, ट्रंक चढवली. आपांच्या दंडावर इमाम-जामिन, प्रवासात राखण व्हावी म्हणून बांधतात ते फडकं, बांधलेलं होतं. त्यांनी तांब्याचा लोटा पद्मावतीच्या हातात ठेवला आणि टांग्यात चढल्या. भामाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. घोड्याने पाऊल उचललं.

पद्मावतीच्या तोंडात एक शब्द उन्हाळ्यापासून अडकून पडला होता.

"आपा, नक्को!" ती अशी ओरडली की गल्लीच्या टोकाचा पानवाला बाहेर आला. "जाओ नक्को!"

टांगेवाल्याने न विचारताच लगाम खेचला. पद्मावती धावत गेली आणि तिने टांग्याच्या चाकाला हात घातला. "यहाँ तुम्हारा कौन है, पूछे ना तुम? मैं हूँ!"

"खाला, ये सब वहम है," अन्वर वैतागून म्हणाला. "चलो, गाड़ी निकल जायेगी."

"टोक दिये बाबा," आपा म्हणाल्या आणि उतरू लागल्या.

आता सासूबाई आपल्याला फाडून खाणार, या तयारीने पद्मावती वळली. भामाबाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिच्या हातातला लोटा घेऊन त्या आत गेल्या, भरून घेऊन आल्या, आणि ओटीवर बसलेल्या आपांच्या पुढे ठेवला. "टोकलंय," त्या अन्वरला म्हणाल्या. "घोटभर पाणी प्यायल्याशिवाय निघता यायचं नाही."

"पियो खाला, जल्दी," अन्वर म्हणाला. "पी के निकलेंगे."

आपांनी लोट्याकडे पाहिलं. मग वर गच्चीकडे, जिथे भिंतीवर आजोबांचा मुठीएवढा शेंडा वाळत होता. कुसळांनी भरलेल्या बोटांनी त्यांनी लोटा हळूच पुढे सरकवला.

"पानी नक्को," आपा म्हणाल्या.