चिकटलेलं दोनशे बारावं पान

मित्रांनो, पंखा पुसायला माझ्यावर उभे राहू नका. स्टुलावरून हात पुरत नाही म्हणून तुम्ही मला वर ठेवता, हे मला ठाऊक आहे. पण मी काही पाट नाही. घाटकोपरच्या एका बुद्धविहाराच्या वर अभ्यासिका आहे, तिथली मी जुनी माहितीपुस्तिका. पुस्तिका म्हणे! चांगली तीनशे पानांची आहे मी. बारावीनंतर विद्यापीठात काय काय शिकता येतं, ते सगळं माझ्या पोटात आहे. विज्ञान, सामाजिक शास्त्रं, डिझाइन, व्यवसाय आणि प्राण्यांची निगा, असे माझे पाच भाग.

मला इथे आणलं धम्मपालदादाने. अभ्यासिका तोच सांभाळतो. पहिल्याच दिवशी त्याने मला खाकी कव्हर घातलं आणि एक पद्धत पाडली. ज्याला जिथे प्रवेश मिळेल, त्याने त्या पानाच्या समासात आपलं नाव आणि फोन नंबर लिहायचा, म्हणजे पुढच्याला विचारता येईल. दरवर्षी दादा नव्या तारखांच्या चिठ्ठ्याही डिंकाने चिकटवायचा. काय मान होता माझा तेव्हा! माझ्यासाठी पोरांची भांडणं लागायची. कॉमर्सच्या पानावर तर नाव लिहायला जागा उरली नाही. पुढे सगळ्यांच्या हातात मोबाईल आले आणि माझी रवानगी स्टुलावर झाली. वाईट वाटलं, का नाही वाटणार?

या वर्षी निकालानंतर रश्मी आली. गल्लीतल्या लंगड्या कुत्रीला रोज औषध पाजणारी ही मुलगी. विज्ञान शाखेतून बारावी झालेली. तिला जनावरांमध्येच काम करायचं होतं, पण जनावरांच्या डॉक्टरकीला लागतात तेवढे गुण पडले नव्हते.

"दुसरा काही रस्ता आहे का, दादा?" तिने विचारलं.

दादाने मला झटकून तिच्यापुढे ठेवलं. रश्मीने अनुक्रमणिका पाहिली. प्राण्यांची निगा, पान दोनशे बारा. पण पानं उलटली तर दोनशे अकरानंतर थेट दोनशे चौदा!

"दादा, पानं चिकटलीत ही!"

तिने मध्ये स्टीलची पट्टी घालून ती हळूहळू सोडवली. दुखलं, एक कोपरा फाटला, पण मी हूं की चूं केलं नाही. आत प्राण्यांच्या देखभालीचा तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम होता. तिने तो लगेच मोबाईलवर शोधला. आता नाव कळलं होतं ना! अभ्यासक्रम अजून चालू होता आणि अर्जाला दोनच दिवस उरले होते.

तेवढ्यात तिची आई कुंदा तिला शोधत वर आली. पान बघून म्हणाली, "एक तरी नाव आहे का इथे? आपल्यातलं कोणी जात असतं तर लिहिलं नसतं? तू आपली किरणसारखं कॉमर्स कर, बाई." किरण म्हणजे रश्मीचा मोठा भाऊ. तो मॉलमधल्या चपलांच्या दुकानात कामाला आहे.

"आई, पान उघडलंच नाही कोणी, तर नाव कुठून येणार?" रश्मी रडकुंडीला आली होती.

दादाचा चेहरा उतरला. "कुंदाताई, चूक माझी आहे. चिठ्ठी लावली आणि डिंक ओला असतानाच मी हिला मिटलं. आठ वर्षं तरी झाली असतील."

आठ वर्षं! आणि इतके दिवस मी मिरवत होते, की या वस्तीतल्या पोरांना वाट मी दाखवते. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी कामावर दांडी मारून कुंदा रश्मीबरोबर स्वतः त्या कॉलेजात गेली. पुढे नोकरी लागते का, हे तिने तिथल्या बाईंना विचारलं, शिपायाला विचारलं, बकरीचे खूर साफ करणाऱ्या मुलीलाही विचारलं. संध्याकाळी दोघी अर्ज भरूनच परतल्या. पंधरा दिवसांनी यादी लागली आणि रश्मीचं नाव तिसरं होतं! कुंदा पेढे घेऊन अभ्यासिकेत आली तेव्हा दादा पट्टी घालून माझं एकेक पान तपासत होता.

मित्रांनो, म्हणून कळकळीने सांगते. चिठ्ठ्या खुशाल लावा, पण डिंक वाळल्याशिवाय मला मिटू नका. कारण आणखी दोन पानं चिकटलेली निघाली, डिझाइनच्या भागात. खुर्च्या, दिवे, भांडी कशी घडवायची ते शिकवणारा अभ्यासक्रम त्यांच्यात अडकला होता. त्याच्या अलीकडच्या पानावर, समासात, कोणीतरी पेन्सिलीने खुर्च्याच खुर्च्या काढल्या होत्या.

कुंदाने त्या बघितल्याबरोबर ओळखल्या. किरणच्या वह्यांमागे अशाच खुर्च्या असायच्या. बारावीच्या वर्षी किरण इथेच बसून मला चाळायचा. तो या पानापर्यंत आला होता आणि पुढचं पान त्याला दिसलंच नाही.

"दादा, याला वयाची अट आहे का?" तिने विचारलं.

दादाने पान दोनदा वाचलं. मग मोबाईलवरही पाहिलं. "नाही, ताई. बारावी झालेली असली की पुरे."

कुंदाने पेढ्यांचा डबा खाली ठेवला आणि तिथूनच फोन लावला. "किरण, ड्युटी संपली की घरी जाऊ नको. आधी अभ्यासिकेत ये."