पेनीच्या थडग्यावरचा दिवा

बटण बंद केलं तरी थडग्यावरचा दिवा विझेना, आणि अख्खा गाव लांगीताईच्या अंगणात लोटला. आमच्या सावाई बेटावर माणूस गेला की त्याला घरासमोरच पुरतात आणि वर दिवा लावतात. पण बटण बंद असताना मिणमिणणारा दिवा कुणी पाहिला होता? म्हाताऱ्या मुसमुसत होत्या, पोरं आयांच्या मागं दडलेली, आणि मध्ये हात पसरून उभे वैदूबुवा सोलोमोना!

"पेनी आलाय! लांगी, तुझा नवरा आलाय! म्हणतोय, माझ्या बायकोच्या पायाला सुरी लावू देऊ नका. तेलानंच बरा होईल."

तेल अर्थातच सोलोमोनाचं. तो पांढरा एलईडी बल्बही त्यानंच 'मंतरून' आणलेला.

ताईला मधुमेह. पायाच्या अंगठ्याची जखम काळी पडत चाललेली. लवकर आला नाहीत तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि ही बया दिव्यापुढे पाय पसरून बसलेली! माझा जीव नुसता जळत होता. पण आमच्यात भावानं बहिणीचा शब्द खाली पाडायचा नसतो, चारचौघांत तर नाहीच. मी विज्ञानाचा मास्तर असलो म्हणून काय झालं? वाद घालायची सोयच नव्हती. मी मुकाट्यानं वीज तोडली आणि पेचकस उचलला.

हा दिवा मी बनवलेल्या एका खोक्यातून चालतो. त्यात ट्रायॅक असतो. बटणाच्या इशाऱ्यावर तो विजेची वाट उघडतो नि मिटतो. मला वाटलं, हाच गेला. बदलला, वीज पुन्हा जोडली. बटण बंद, तरी दिवा तसाच!

"बदल मास्तर, अजून बदल!" सोलोमोना खिदळला. "आत्म्याला पेचकसानं पकडतोय!"

सगळे हसले. ताईसुद्धा. "पुरे रे इओसुआ, दाजींना छळू नकोस."

झोंबलं मला ते. पुन्हा खोकं उघडून बघत बसलो, आणि ट्यूब पेटली. ट्रायॅकला झटके बसू नयेत म्हणून त्याच्या दोन टोकांना एक कंडेन्सर जोडलेला असतो. ट्रायॅक बंद असला तरी त्यातून थोडी वीज झिरपत राहते. जुन्या तारेच्या बल्बला तेवढ्यानं काही होत नाही. एलईडीला मात्र तेवढी पुरते. पण हे सांगू कुणाला?

"सोलोमोना," मी गरीब तोंड करून विचारलं, "दाजी बल्बातच आहेत ना?"

"बल्बातच! जिथं माझा बल्ब, तिथं पेनी!"

"नक्की?"

"देवाशपथ!"

मी खोकं आणि बल्ब काढला, मागं डुकरांच्या वाड्यात नेऊन जोडला. बटण बंद. बल्ब मिणमिणला.

ताई लंगडत मागोमाग आली. "माझा नवरा डुकरांत?"

"अगं, आत्मा फार नम्र असतो..." सोलोमोना चाचरला.

"नम्र? जिवंतपणी इकडं फिरकला नाही तो! डुकरांना खायला मीच घालायचे!"

म्हाताऱ्या तोंडाला हात लावून खुसखुसू लागल्या. मी त्याच खोक्याला, बल्बाच्या जोडीनं जुना तारेचा बल्ब जोडला. झिरपणारी वीज त्यातून निघून गेली आणि मंतरलेला बल्ब ठार विझला.

"आता कुठं गेला रे पेनी?" ताईनं विचारलं.

"रुसला," सोलोमोना पुटपुटला.

मी तारेचा बल्ब काढला. मिणमिण सुरू. लावला. बंद. "रुसवा फारच लवकर जातो की," कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला. बुवांनी तेलाची बाटली उचलून पोबारा केला.

ताई हसली नाही. "इओसुआ, गाडी काढ," एवढंच म्हणाली.

पाय वाचला. अंगठा गेला. थोडं आधी आणलं असतं तर तोही राहिला असता, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा ताई भिंतीकडं तोंड करून रडली. "बुवाच्या नादी लागले म्हणून नव्हे रे, पेनीच्या नावानं फसले म्हणून," म्हणाली.

मंडळी, दिवा विझत नसेल तर खोकं उघडून बघा. जखम भरत नसेल तर डॉक्टर गाठा. पेनी असता तर त्यानं बायकोला पाठुंगळी घेऊन इस्पितळात नेलं असतं. आपलं मेलेलं माणूस आपलं वाईट कशाला चिंतेल? त्याच्या तोंडी असले शब्द घालणाऱ्याला आधी अंगणाबाहेर काढा.