अर्धा पियाला

"उल्कान एजे, कागद चांगला आहे तुमचा," तोक्तोमामात आका म्हणाले. "मागच्या वर्षीच्या कागदानं मला दुसऱ्या पानावर झोप लागली होती. आणि मला तर गोळी घेऊनही झोप येत नाही."

चहाफराळ मांडलेल्या दस्तरखानाभोवती बसलेले जर्दाळूचे व्यापारी पोट हलवून हसले. बात्केनच्या कॉलेजात शिकवणारी उल्कानही हसली. आका या व्यापाऱ्यांचे म्होरके, आणि संशोधनाला पैसा देणार होते तेच.

मागच्या वर्षी तिने प्रस्ताव विद्वानांसाठी लिहिला होता: आधी जुने अभ्यास, मग पद्धत, शेवटी प्रश्न. तो परत आला. यंदा तिने क्रम उलटा केला. पहिल्याच ओळीत व्यापाऱ्याचं दुखणं: ऐन हंगामात जर्दाळू निवडणाऱ्या बाया काम सोडतात, माल शेडमध्ये पडून राहतो. मग त्यांच्या हाती काय लागेल ते. पद्धत थोडक्यात. आणि पार तळाशी, लग्नात गरीब नातेवाईक बसतो तसा, तिचा स्वतःचा प्रश्न: गंधकाच्या धुरीनं या बायांच्या छातीचं काय होतं? तिची आई अशाच शेडमध्ये जर्दाळू निवडता निवडता खोकून खोकून गेली होती.

"बाया का जातात ते शोधा, आमच्या कामाचं आहे," आका म्हणाले. "पण हे धुरीचं शेपूट कशाला?"

"त्याच कारणानं जात असल्या तर?"

"धुरी नसेल तर जर्दाळू काळा पडतो. काळा माल तुम्ही घेणार? उद्या तुमचा अहवाल गिऱ्हाइकाच्या हाती लागला म्हणजे?"

"मग काय लिहू? लग्नं आणि मॉस्को?"

"मॉस्कोला कामाला जातातच की. खोटं कुठंय त्यात?"

"आका, छाती सोडून बाकीचं विचारायचं, हा अभ्यास नव्हे."

चहा देणाऱ्या सालियाच्या हातून आकांनी किटली घेतली आणि उल्कानच्या पियाल्यात स्वतः ओतू लागले. इथे हव्याशा माणसाला अर्धाच पियाला देतात, पुन्हा पुन्हा देतात. काठोकाठ भरला की पाहुण्यानं आपली चप्पल शोधावी. चहा अर्ध्यावर आला. अर्ध्याच्या वर चढला. सगळे पियाल्याकडे बघत होते.

"शेपूट काढते," उल्कान म्हणाली.

किटलीची तोटी लगेच वर झाली.

"शिकलेल्या माणसाशी बोलण्याचं हेच सुख," आका म्हणाले. त्यांनी ओंजळ धरून दुवा मागितली, सगळ्यांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले. प्रस्ताव मंजूर झाला. उल्कानला आनंद झाला नाही, लाजही वाटली नाही. शेवटची बस चुकेल का, एवढंच तिच्या मनात आलं.

किटली परत घेऊन सालिया दाराकडे वळली आणि डोक्याच्या रुमालात तोंड खुपसून खोकली. हंगामात ती शेडवर निवडायला असे. तो कोरडा, तळातून येणारा खोकला उल्कानने आईच्या खोलीच्या भिंतीपलीकडून वर्षानुवर्षं ऐकला होता.

"सर्दी आहे," कुणी विचारलं नव्हतं तरी सालिया म्हणाली.

उल्कानने चहा संपवला आणि रिकामा पियाला पुढे केला. सालियाने तो रीतीप्रमाणे अर्धाच भरला.