सटवाजीच्या नावापुढची कोरी जागा

हट्टा गावच्या सनईवाल्यांची वंशावळ उकंडराव भाटाच्या वहीत होती, आणि भाट बारा वर्षांतून एकदा यायचा. नाव लिहायचा, नावापुढे एक ओळ. जन्मात काय केलं, ते एका ओळीत. खापरपणजा सोनाजीनं शिरड शहापुरात अशी सनई फुंकली की घाण्याचा बैल उलटा फिरला अन् निघालेलं तेल परत तिळात गेलं. पणजा संतरामानं आखाडा बाळापूरला पाठवणी अशी वाजवली की नवरीऐवजी नवरदेवच रडायला लागला आणि जन्मभर सासऱ्याच्या घरी राहिला. आजा ग्यानबानं तर एका दमात सूर इतका लांबवला की आजीनं तो गेला समजून कुंकू पुसलं. त्यानं श्वास घेतल्यावर दोघांचं लग्न पुन्हा लावावं लागलं. वहीत आहे म्हणजे खरंच असणार. वही काय कुणाची मेव्हणी लागते, थट्टा करायला?

एकोणीसशे छत्तीस साली भाट आला तेव्हा थोरल्या तातेरावाची ओळ चढली: याच्या सनईनं बाजारात झुंजणारे दोन वळू मान टाकून ऐकत बसले. मग भाटानं लिहिलं, ‘धाकटा सटवाजी’, आणि बोरू थांबला.

"यानं काय केलं?"

"सूर धरतो," गर्दीतला एकजण म्हणाला.

म्हणजे थोरल्यानं सनईवर चाली नाचवायच्या, आणि धाकट्यानं शेजारी बसून, गाल फुगवून, दुसऱ्या सनईतून एकच सूर सोडत राहायचं. लग्न लागेपर्यंत तोच.

"असा सूर तर भोपळ्याला भोक पाडलं तरी निघतो," भाट म्हणाला. "जागा कोरी ठेवतो. पुढच्या फेरीला बघू."

त्या दिवसापासून सटवाजीचं बूड जमिनीला टेकेना. नाग डोलवायला तो वारुळापाशी वाजवत बसला. नाग आला नाही, मुंग्या आल्या, आणि त्या दिवशी नाचला तो सटवाजीच. म्हशीला पान्हा फुटावा म्हणून वाजवली, तर म्हशीनं लाथ अशी झाडली की दुधाची कासंडी शेजाऱ्याच्या माळवदावर.

"अवो, बसा की एका जागी," बायको सखुबाई म्हणायची. "भवऱ्यावानी काहून फिरून राहिले?"

"बारातली आठ वर्सं सरली, सखे. तुह्या माहेरी वही न्हाई, तुला काय कळतं?"

"वही न्हाई, म्हणूनच माह्या माहेरी समदे सुखानं झोपतात."

उरलेली वर्षं धास्तीत गेली. रझाकारांच्या भयानं अर्धं गाव पैनगंगेपल्याड वऱ्हाडात छावणी करून राहिलं. अठ्ठेचाळीसच्या भादव्यात निजामाचं राज्य संपलं, माणसं परतली, आणि दिवाळी सरते न सरते तोच बातमी आली: भाट येऊन राहिला.

सटवाजीनं धावत जाऊन गावातल्या थापाड्या दगडोबाला धरलं. कारण भाटाचा कायदा असा, की ओळ स्वतः सांगायची नाही, भावकीनं सांगायची नाही. परक्यानं चारचौघांत साक्ष द्यायची आणि ज्याची ओळ त्यानं तोंड मिटून बसायचं. दगडोबा भावकीतला नव्हता आणि खोटं बोलायला भीत नव्हता.

"नदीच्या उतारावर सात घोडेस्वार आडवे आले," सटवाजीनं पढवलं. "म्या सनई फुंकली. घोडे नाचाया लागले, स्वार नदीत पडले."

"अकरा म्हणू का?"

"सातच! अकरा कोणी खरं मानंल का?"

चावडीपुढं गाव जमलं. भाटानं जुनी नावं, जुन्या ओळी वाचल्या. लोक माना डोलवत होते. मग दगडोबा उठला आणि पहिलंच वाक्य ठणठणीत बोलला. "उतारावर सात घोडेस्वार आडवे आले..."

"कुण्या रंगाचे घोडे?" मागून कुणीतरी विचारलं.

हे काही पढवलेलं नव्हतं. दगडोबानं सटवाजीकडं पाहिलं. सटवाजीला तोंड उघडता येईना.

"हिरवे," दगडोबा म्हणाला.

गाव असं हसलं की बांधलेली जनावरं बिथरली. भाटानं दौतीवर टोपण ठेवलं. सटवाजीला कळलं, आता ती जागा जन्माची कोरी.

तेवढ्यात बायकांतून खालच्या आळीची मंजुळाबाई उठली. "थांबा. मी सांगते. छावणीत माह्या लेकीचं लगीन होतं. अक्षता हातात होत्या, अन् गावाकडून निरोप आला, सनईवाल्यांचं घर जाळलं म्हणून. तातेराव दादांनी सनई खाली ठेवली. ढोलवाल्यानं टिपरू टाकलं. वरमाय म्हणली, अपशकुन झाला, उठा. पण ह्या माणसाचा सूर थांबला न्हाई. घर तर याचंबी जळत होतं! फुगल्या गालांवरून पाणी वाहून राहिलं होतं, अन् सूर तसाच. त्या एका सुरावर अक्षता पडल्या. आज लेक पाचव्या महिन्यात हाय. लिव्हा."

सटवाजीनं मान खाली घातली. ते रडणं त्यानं सखुबाईपाशीही कधी काढलं नव्हतं. सनई तोंडातून काढली असती तर हंबरडा फुटला असता, एवढंच त्याला ठाऊक होतं. ही कसली करामत? ओरडावंसं वाटलं, हे नको, घोड्यांचंच लिहा.

"बाईची साक्ष..." भाट डोकं खाजवू लागला.

"लेक माही, मांडव माहा. साक्ष काय तुमचा बोरू देणार का?"

तातेराव भावकीतला, त्याला बोलता येत नव्हतं. त्यानं दौतीचं टोपण काढलं आणि दौत भाटाच्या हाताशी सरकवली.

भाटानं लिहिलं आणि वाचून दाखवलं: ‘धाकटा सटवाजी. स्वतःचं घर जळत असता यानं लोकाच्या लेकीचं लग्न मोडू दिलं नाही.’

कुणीच हसलं नाही. आता सटवाजीला बोलायची मुभा होती.

"भाटबुवा," तो म्हणाला, "सोनाजी, संतराम, ग्यानबा... यांच्या बाजूला बसून सूर कोण धरत होतं?"

भाटानं पानं उलटली. "तशी नावं न्हाईत."

"असतीलच की. एकट्यानं सनई वाजती का?"

"साक्षीदार कुठून आणू?"

"तुमी नका आणू. बारा वर्सं हायेत. मी हुडकतो."

आणि त्याच पावली तो बंजाऱ्यांच्या तांड्याच्या वाटेला लागला. पंचक्रोशीत सगळ्यांत म्हातारा म्हणजे तांड्यावरचा नव्वदीचा थावरा. तो निघाला ठार बहिरा. सटवाजी त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडू लागला, "माह्या आज्याच्या बाजूला सूर कोण धरत होतं?"