कानातला पांढरा चौकोन

मी सहाशे चौकोनांची एक बाई बोलतेय. नाक लावून पाहाल तर काहीच दिसायचं नाही. वीस पावलं मागं सरका, मग बोलू.

माझं मूळ चित्र परदेशातलं, जगभर नावाजलेलं. मान वळवून पाहणारी मुलगी, डोक्याला निळं फडकं, कानात मोती. यवतमाळजवळ लोहाऱ्याला फ्लेक्स छापणाऱ्या धम्मदीपनं तिचे काडेपेटीएवढे चौकोन पाडले. फडक्याच्या जागी कापूस वेचणाऱ्या बाया बांधतात तसा रुमाल बांधला आणि मोत्याच्या जागी कापसाचं बोंड ठेवलं. बोंड म्हणजे एकच पांढरा चौकोन, पण माझा सगळा तोरा त्यात होता.

दुकानात उरलेल्या कागदावर त्यानं माझ्यासकट अशी नामांकित पाच चित्रं चौकोनांत छापली आणि मैद्याच्या खळीनं पाच गावांतल्या भिंतींवर डकवली. माझ्या वाट्याला घाटंजीचा बाजार आला.

साल दोन हजार चौदा. कापसाचा भाव पडला होता, वेचणीची कामंही आटली होती. म्हणून वेचणीला जाणारी कोकिळाबाई बाजाराच्या दिवशी माझ्यासमोर, रस्त्यापलीकडे बोरं विकायला बसायची. पहिल्याच दिवशी तिनं शेजारणीला सांगितलं, की ही आपल्यातलीच आहे. गिऱ्हाईक आलं की आधी मला दाखवायची, मग बोरं मापायची. काचेमागं राहणाऱ्या माझ्या परदेशी बहिणीला हे सुख कधी मिळालं नसेल.

मग आले मधुसूदनराव. यवतमाळच्या कचेरीतून निवृत्त झालेले. माणूस सज्जन, पण छंद वाईट. भिंतीवरची चित्रं जमवायचे. पाचातली चार घरी नेऊन झाली होती, पाचवी मी. पाणी मारून पातळ सुरीनं मला सोडवू लागले. इथं पावसात हिचा लगदा होईल, घरी नीट राहील, असं येणाऱ्याजाणाऱ्याला समजावत होते. कोकिळाबाई रस्ता ओलांडून आली.

"साहेब, पेपरात कापूस येते, त्याचा भाव येते. वेचनारीचं तोंड कधी आलं काय? इथं आलं, तं तेबी नेऊन राह्यले?"

ते वरमले, पण हात थांबला नाही. मग मीही हट्टाला पेटले. कानापाशी भिंतीला अशी घट्ट धरून राहिले की टरकन फाटले. मी त्यांच्या हातात आले, पांढरा चौकोन भिंतीवरच राहिला. मुद्दाम केलं ते. दुखलं, पण पस्तावले नाही.

त्यांनी मला फ्रेम केली. बैठकीची खोली दहा फुटांची, तिथं वीस पावलं आणायची कुठून? पाचही जणी आम्ही नुसत्या चौकोनांचे ढीग. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बाया म्हणाल्या, टाइल्स छान आहेत, पण हे भोक कसलं? मधुसूदनराव खाकरून आत गेले. मला मात्र मनातून फार बरं वाटलं.

त्यांच्या पत्नी पद्मजाबाई बायांना पोचवायला गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या. परत वळल्या तेव्हा दार सताड उघडं होतं, आत दिवा होता. त्या तिथंच थबकल्या. मग त्यांनी नवऱ्याला बाहेर बोलावलं.

"अहो, ही बाई आहे. आणि हिचा कान तुम्ही तोडलाय."

मधुसूदनराव त्यांच्याशेजारी उभे राहून दाराकडे वळले. इतकी चित्रं जमवली, पण त्यांनी मला पाहिलं ते त्या दिवशी.

पुढच्या बाजाराला दोघं मला फ्रेममधून काढून, गुंडाळून घाटंजीला घेऊन आले. चौकोन जागेवर होता. जाहिराती डकवणाऱ्यांना कोकिळाबाईनं त्याच्या आसपास फिरकू दिलं नव्हतं. मधुसूदनरावांनी स्वतः खळ लावली आणि मला भिंतीवर धरलं. पलीकडून आपल्या जागेवरूनच कोकिळाबाईनं सांगितलं, "डाव्या अंगाले घ्या, साहेब. अजून थोडं. हं, आता बोंड कानात आलं."

पावसात माझा लगदा होईल, मलाही ठाऊक आहे. होऊ दे. फ्रेममध्ये जपून ठेवलेला चौकोनांचा ढीग व्हायला मी जन्मले नाही. पाऊस यायला अजून चार महिने आहेत. तोवर कोणी सुरी घेऊन येणार असाल, तर आधी वीस पावलं मागं सरका. तिथं कोकिळाबाई बसलेली आहे. तिला विचारा.