मावशीच्या मापाचं कपाट

दातांच्या डॉक्टरांना जुन्या जादूच्या सामानाचं वेड होतं. घराची मागची खोली त्यांनी जमिनीपासून छतापर्यंत भरून टाकली होती. दुहेरी बुडाचे डबे, कबुतरं गायब करणारे पिंजरे, बाईला कापायच्या पेट्या, सगळं बंद पडलेल्या नाट्यगृहांतून आणि म्हाताऱ्या जादूगारांच्या माळ्यांवरून उचलून आणलेलं.

"पाहुणे आले की त्यांना झोपवायचं कुठे? करवतीखाली?" बायको विचारायची.

डॉक्टर हसण्यावारी न्यायचे. गंमत म्हणजे एवढं सामान असूनही त्यांनी एकही प्रयोग कधी कुणाला करून दाखवला नव्हता. पेशंट तोंड उघडून छताकडे बघत असला की त्यांचा हात लोण्यासारखा चालायचा. पण चार माणसं आपल्याकडे बघत बसलीत म्हटलं की तळव्यांना घाम फुटलाच.

एकदा त्यांना माणूस गायब करायचं एक उभं कपाट मिळालं. आत दोन उंच आरसे होते, दाराच्या झडपांसारखे. ते ओढून मध्ये जुळवले की मागे माणूस लपायचा आणि आरशांत बाजूच्या भिंती दिसल्यामुळे समोरच्याला कपाट रिकामं वाटायचं. डॉक्टर टॉर्च घेऊन आत शिरले, तेव्हा कोपर टेकेल अशा जागी त्यांना एक छोटीशी उशी हाताला लागली. लाल दोऱ्याने कडेला बारीक टीप घातलेली. ते चपापले. असली उशी त्यांनी आधीही पाहिली होती. मागच्या खोलीत जाऊन त्यांनी एकेक पेटी उघडली. कुठे मानेखाली, कुठे गुडघ्यामागे, तोच लाल दोरा, तीच टीप. वेगवेगळ्या जादूगारांकडून आलेलं सामान, आणि हात एकच!

त्यांनी ओळखीच्या एका निवृत्त जादूगाराला फोन लावला.

"तो सुतार ना? अहो, आम्ही सगळे त्याच्याकडूनच करून घ्यायचो, पण एकमेकांना पत्ता लागू द्यायचो नाही," जादूगार खोकत हसला. "तो गेला बिचारा. बायको आहे. तिच्या भाचीचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, त्याच्या वरच राहते."

पुढच्या सुट्टीला डॉक्टर तिथे पोचले. भाची एका वाकड्या चाकाचा आऊट काढत होती. तिने ग्रीसचे हात फडक्याला पुसले आणि जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "मावशी, तुझ्या पेट्यांचं कुणीतरी विचारतंय!"

मावशी जाडजूड, हसऱ्या डोळ्यांची. डॉक्टरांनी उशांचा विषय काढला मात्र, तिचा चेहरा उजळला.

"त्या माझ्या! आमचे हे पेटी करायचे आणि मला आत बसवायचे. मी आतून ओरडायची, अहो, इथे कोपर लागतंय, इथे मान अवघडतेय. मग ते लाकूड तासायचे, मी उशी शिवायची. आत बसणाऱ्या पोरीला कळ लागली तर ती हलणार, आणि ती हलली की जादूगाराची फजिती! तेव्हा मी काडीसारखी होते हो. आता त्यात माझा एक पाय मावला तरी पुष्कळ."

"मग खेळ बघायला जात असाल ना?"

"कुठलं? मागच्या दाराने सामान पोचवायचं, मागच्या दारानेच परत. सुतार आलेला लोकांना दिसला तर जादू कसली? आमचं एकही कपाट मी समोरून पाहिलेलं नाही."

हे तिने अगदी सहज सांगितलं, पण डॉक्टरांच्या मनाला लागून राहिलं. आपल्या खोलीतल्या प्रत्येक वस्तूवर जादूगाराच्या नावाची चिठ्ठी होती, करणाऱ्याचा कुठे पत्ताच नव्हता.

"मी दाखवतो तुम्हाला," ते बोलून गेले, आणि लगेच त्यांनी घामेजलेले तळवे रुमालाला पुसले.

कपाट टेम्पोतून सायकलच्या दुकानात आलं. आत शिरायला भाची तयारच होती. आरसे कसे ओढायचे, श्वास कसा धरायचा, मावशीने तिला नीट शिकवलं. मग मावशी समोर खुर्ची टाकून बसली, शेजारी डॉक्टरांची बायको. पंक्चर काढायला आलेली दोनतीन गिऱ्हाइकंही रेंगाळली.

"तर, मंडळी..." एवढंच बोलून डॉक्टर पुन्हा तळवे पुसायला लागले.

"अहो, सुरुवात तरी करा! दाढ काढायच्या आधी एवढा विचार करत नाही तुम्ही," बायको म्हणाली.

सगळे हसले, तेही हसले, आणि कुठेतरी गाठ सुटली. भाची आत गेली. त्यांनी दारं लावली, कपाट गरकन फिरवलं, दारं उघडली. आत कुणी नव्हतं. एक गिऱ्हाईक मागे जाऊन बघून आलं आणि डोकं खाजवत उभं राहिलं.

त्या कपाटाचा खिळा न् खिळा मावशीला ठाऊक होता, तरी ती लहान मुलीसारखी आ वासून बघत राहिली. मग तिने डोळ्यांना पदर लावला. "खरंच दिसत नाही गं बाई कुणी," ती पुटपुटली. "किती छान केलं होतं यांनी!"

दारं पुन्हा लावून उघडल्यावर भाची बाहेर आली आणि टाळ्या पडल्या. डॉक्टरांनी वाकून नमस्कार केला. हात कोरडे आहेत, हे नंतर त्यांच्या लक्षात आलं.

घरी गेल्यावर त्यांनी मावशीला विचारून सगळ्या चिठ्ठ्या नव्याने लिहिल्या. वर सुताराचं आणि तिचं नाव, खाली जादूगाराचं. मागची खोली आता सुट्टीच्या दिवशी लोकांना बघायला खुली असते, आणि एखादा खेळ डॉक्टर स्वतः करून दाखवतात. अधूनमधून चुकतात, पण लोक सांभाळून घेतात.

तिथेच एकदा, मावशी आणि भाचीही आलेल्या असताना, जादूचे प्रयोग करणारी एक तरुण मुलगी आली. उंच, लांब हातापायांची. जुनं कुठलंच कपाट तिला पुरेना.

"नवीन करून मिळेल का कुठे?" तिने विचारलं.

डॉक्टरांनी मावशीकडे पाहिलं, मावशीने भाचीकडे.

"लोखंडाचं सगळं मी करीन," भाची म्हणाली. "लाकडाचं शिकावं लागेल."

"शिकशील की! मी आहे ना बसलेली," मावशी म्हणाली आणि पिशवीतून टेप काढत त्या मुलीकडे वळली. "ये गं, इथे उकिडवी बस पाहू. आणि कुठे दुखलं तर लाजू नकोस, मोठ्याने सांग."