डब्यातला बटाटा

आमच्या सान रोकेत फिएस्टाच्या, म्हणजे गावजत्रेच्या, आदल्या संध्याकाळी वाद घालायची रीत आहे. घरोघरी वाद रोजच असतात म्हणा, पण हा माइकवर असतो आणि याला परीक्षक असतो. जागा ठरलेली, बास्केटबॉलच्या मैदानावरचं छप्पर. गावात छप्पर असलेली मोकळी जागा तेवढीच. लग्नाच्या पंगती, मयताच्या प्रार्थना, पोरांच्या लसी, सगळं त्या जाळीखालीच उरकतं.

यंदाचा विषय कापितानने, म्हणजे आमच्या वस्तीच्या मुखियाने, स्वतः काढला होता. देशाचं राष्ट्रीय अन्न कुठलं व्हावं, शिरक्यात शिजवलेल्या मटणाचा आदोबो की चिंचेच्या आंबट रश्शाचं सिनिगांग? आणि त्यात त्याने एक पाचर मारून ठेवली होती. जो पदार्थ जिंकेल, तोच दुसऱ्या दिवशी मोठ्या कढईत शिजणार आणि सगळं गाव तो जेवणार. त्यामुळे यंदा माणसं नुसती भाषणं ऐकायला आली नव्हती.

आदोबोच्या बाजूने उभा होता नेमेसियो. हायस्कूलचा उपमुख्याध्यापक, वय सत्तेचाळीस, बायको दुबईत नर्स, घरी हा आणि म्हातारी आई. सात वर्षं हा वाद त्याने कुणाला जिंकू दिला नव्हता. जिभेवर साखर, आवाजात घंटा. असल्या माणसांचं एक असतं, बोलताना टाळी कुठे पडणार ते त्यांना आधी कळतं आणि खरं काय ते नंतर आठवतं.

त्याची आई देन्सिंग, गावाची आलिंग म्हणजे मावशी, पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर पंख्याने वारा घेत बसली होती. पंचवीस वर्षं फिएस्टाची आदोबोची कढई तिच्या हाताखाली. सोया सॉसला तिने कधी हात लावला नाही. माडीचा शिरका, मीठ, मिरी आणि डोळ्यांत पाणी येईल एवढी लसूण. सकाळी शिजवलेलं डुकराचं मटण मध्यरात्रीपर्यंत विटायचं नाव घेत नसे. तिच्याकडे दुसरं मिरवण्यासारखं काही नव्हतं. नवरा लवकर गेला, घर पत्र्याचं. पण कढईजवळ उभी राहिली की कापितानसुद्धा तिला विचारून मीठ घालायचा.

सिनिगांगच्या बाजूने आलिंग दोरा. बाजारात मासे विकते, कल्ले उचलून मासा कालचा की आजचा ते सांगते, माणसांचंही सांगते.

"आदोबो हे नाव तरी आपलं आहे का?" दोराने सुरुवात केली. "स्पॅनिश लोकांनी ठेवलेलं. चिंच मात्र आपल्या दारातली. ताप आला की तुम्ही काय मागता? बाळंतिणीला काय देता? आंबट, गरम, वाफाळतं सिनिगांग. आजाऱ्याला आदोबो देऊन बघा एकदा, सरळ पाद्र्यालाच बोलवावं लागेल."

"नाव त्यांनी ठेवलं, रांधत आपण आधीपासूनच होतो," नेमेसियो म्हणाला. "बारशाला नाव पाद्री ठेवतो, म्हणून मूल पाद्र्याचं होत नाही."

"कधी कधी होतं की," मागून कुणीतरी बोललं, आणि छप्पर हसून हललं.

पण दोरा काही ऐकेना. तिने एकेक मुद्दा असा मांडला की लोक माना डोलवायला लागले. सात वर्षांत पहिल्यांदाच नेमेसियोच्या पायाखालची वाळू सरकली. तेव्हा त्याने, आधी न ठरवता, खिशातलं शेवटचं नाणं काढावं तसं आईला काढलं.

"मी सोळा वर्षांचा होतो," तो हळू आवाजात म्हणाला. "मनिलाला शिकायला गेलो. दर शनिवारी बसचा कंडक्टर मला दूधपावडरीचा एक डबा आणून द्यायचा. आईने पाठवलेला आदोबो. आलिंग दोरा, सिनिगांग पाठवून बघा डब्यातून. पहिल्या वळणाला सांडेल, नाही सांडलं तर दुसऱ्या दिवशी विटेल. आदोबो मात्र लेकराच्या मागे मागे जातो. सोमवारी चांगला, मंगळवारी आणखी चांगला. आणि तळाशी असायचा बटाटा. रस पिऊन पिऊन मऊ झालेला. तो मी शुक्रवारसाठी राखून ठेवायचो. तो खाताना वाटायचं, आईचा हात हातात आहे."

टाळ्या कडाडल्या. पोरीबाळी डोळे पुसायला लागल्या. कापितानने नाक शिंकरलं.

तिसऱ्या रांगेतल्या म्हाताऱ्या मात्र टाळ्या वाजवेनात. एकीने दुसरीकडे पाहिलं, दुसरीने तिसरीकडे. नेमेसियोला वाटलं, दगड आहेत नुसत्या.

दगड नव्हत्या. आमच्याकडे ज्या बाईने मनिलाला, सौदीला, बोटीवर कुणाला ना कुणाला डबा पाठवलाय, तिला एक गोष्ट झोपेतही ठाऊक असते. घरच्या आदोबोत बटाटा घाला, अंडी घाला, काय हवं ते घाला. प्रवासाच्या आदोबोत बटाटा नाही. दुसऱ्या दिवशी तो बुळबुळीत होतो आणि जाताना मटणालाही घेऊन जातो. पोरी हे आईचा फटका खाऊन शिकतात. नेमेसियोला फटका कधी बसला नव्हता. त्याच्या बोलण्यातला बटाटा मनिलाच्या शाळेच्या कॅन्टीनमधल्या आदोबोतला होता.

कारण डबा त्याने कधी खाल्लाच नव्हता. वसतिगृहाच्या खोलीतली पोरं बड्या घरची. पहिल्या शनिवारी झाकण उघडलं तसा शिरक्याचा आणि लसणीचा वास खोलीभर पसरला आणि एकाने नाक धरून विचारलं, "खेड्यातून काय मेलेलं आलंय रे हे?" त्यानंतर दोन वर्षं, दर शनिवारी, नेमेसियो डबा घेऊन मागच्या ओढ्यावर जायचा, उपडा करायचा, साबणाने लख्ख घासायचा आणि कंडक्टरच्या हाती परत द्यायचा. इकडे आई तो लख्ख डबा शेजारणींना दाखवायची. "बघा, चाटूनपुसून खातो माझा लेक." लोकांच्या लग्नामयतांत रांधून वाट्याला येणारं मटण ती त्या डब्यात भरायची आणि स्वतः सुक्या मासळीवर जेवायची.

दोराची उलटतपासणीची पाळी आली.

"सर, शुक्रवारपर्यंत राहायचा म्हणालात?"

"शुक्रवारपर्यंत."

"बटाट्यासकट?"

"बटाट्यासकट."

दोरा श्रोत्यांकडे वळली. "देन्सिंग, तू पोराच्या डब्यात बटाटा घालायचीस का गं?"

आलिंग देन्सिंगचा पंखा थांबला. तिने मुलाकडे पाहिलं. आणि नेमेसियोला दिसलं, तिला आत्ता कळलं. एकतीस वर्षांनी, गावासमोर, पहिल्यांदा. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर त्याला बरं वाटलं असतं. ती नुसती बघत राहिली, बाजारात आपली पिशवी कुठे राहिली हे आठवत असल्यासारखी.

मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

"घालायचे," ती म्हणाली. "त्याला आवडायचा."

"आणि विटायचं नाही?"

"विटत असेल. मला कुठं एवढं कळतं."

ती खाली बसली. तिसऱ्या रांगेत कुजबुज सुरू झाली. पंचवीस वर्षांची कढई म्हणत होती, मला कुठं कळतं.

माइक नेमेसियोच्या हातात होता. खरं सांगणारं एक वाक्य पुरलं असतं. ते त्याच्या घशापर्यंत आलंही होतं. पण समोर चारशे माणसं होती आणि जिभेला सवय दुसरीच. तो म्हणाला, "आईच्या हातचं विटलेलंही गोड लागतं."

असल्या टाळ्या सान रोकेत कधी पडल्या नव्हत्या. आदोबो जिंकला. गळ्यात हार पडला तेव्हा त्याला आपल्याच अंगाची शिसारी आली, तरी मान पुढे केलीच त्याने. हार घालून घ्यायला मान वाकवावी लागते, तेवढंच बरं होतं.

घरी दोघं चालत आले. ती दोन पावलं पुढे होती.

"नानाय," तो फाटकापाशी म्हणाला, "मला काहीतरी..."

"तुझा शर्ट वाळत घातलाय, तो आत घे," ती म्हणाली.

जेवणाआधीच लिगाया आली. चौकात खानावळ चालवते, तरुण आहे, कामाला झटपट. दारातच उभी राहून पायाच्या अंगठ्याकडे बघत बोलली.

"आलिंग, उद्या कढई मी बघावी असं बायका म्हणतायत. तुमचं वय झालं. आणि अन्न सकाळपासून रात्रीपर्यंत टिकायला हवं ना. राग मानू नका."

"राग कसला. लसूण सोलायला येऊ ना?"

"या की."

लिगाया गेली. आलिंग देन्सिंगने भात वाढला. समोर बसलेल्या आईकडे बघायची नेमेसियोची छाती नव्हती आणि उठून जायचीही नव्हती. आपण तिचं अन्न पहिल्यांदा ओढ्यात टाकलं ते सोळाव्या वर्षी, अजाणपणी, असं तो स्वतःला इतकी वर्षं सांगत आला होता. आज तो सत्तेचाळीसचा होता.

सकाळी चर्चच्या अंगणात चुली पेटल्या. गावाच्या अंघोळीला पुरेल अशी कढई, वल्ह्याएवढं लाकडी उलथणं आणि ते लिगायाच्या हातात. आलिंग देन्सिंग पार कडेला, बुटक्या स्टुलावर, पोरीसोरींच्या रांगेत लसूण सोलत होती. दोराही आली होती मटण कापायला. हरलेल्यानेही कामाला यायचं, ही आमच्याकडची पद्धत. नेमेसियो नारळाच्या झाडाला टेकून उभा होता. आपण का आलो हे त्याला सांगता आलं नसतं.

दोन बायका मिरी कुटता कुटता बोलत होत्या. त्यांचा आवाज मुद्दाम मोठा नव्हता, पण लहानही नव्हता.

"विटलेलं खायला पाठवायची गं पोराला. आठवडाभर."

"आणि त्या बिचाऱ्याने कधी ब्र काढला नाही. असा मुलगा मिळायला नशीब लागतं."

आलिंग देन्सिंगने मान वर केली नाही. तिच्या हातातली पाकळी सोलून झाली होती तरी ती तिच्यावरून नख फिरवत राहिली. ते नख नेमेसियोला दिसलं आणि मग त्याला उभं राहवेना.

"बटाटा नव्हता," तो म्हणाला.

कुणालाच कळलं नाही. तो पुढे आला.

"डब्यात बटाटा नसायचा. काय असायचं, मला ठाऊक नाही. मी कधी खाल्लाच नाही तो. दर शनिवारी ओढ्यात टाकायचो. पोरं हसायची म्हणून. डबा घासून परत पाठवायचो. काल मी खोटं बोललो, आणि आई माझ्यासाठी बोलली."

सुऱ्या थांबल्या. त्याला वाटलं होतं, बोलून टाकलं की छातीवरचा धोंडा उतरेल. धोंडा तिथेच होता, आता फक्त सगळ्यांना दिसत होता. माइक नव्हता, टाळी नव्हती, आणि वाक्य संपल्यावर हातांचं काय करायचं तेही त्याला सुचेना.

आलिंग देन्सिंग लसणीकडेच बघत बोलली.

"काल मी माझं नाव घालवलं. म्हटलं, देन्सिंगला रांधता येत नाही म्हणतील, तर म्हणू देत. पण देन्सिंगच्या पोराने आईचं अन्न ओढ्यात टाकलं, असं कुणी म्हणायला नको." तिने पाकळी टोपलीत टाकली. "तेवढं झाकलेलं होतं. तेही तुला राखता आलं नाही."

गप्प बसला असता तर आईचं नाव गेलं होतं, बोलला तर तिने झाकलेली त्याची लाजही गेली. दोन्हीकडून घालवणारा तोच.

दोराने हात फडक्याला पुसले. लिगायाच्या हातातलं उलथणं तिने काढून घेतलं आणि आणून देन्सिंगच्या मांडीवर आडवं ठेवलं. लिगाया बाजूला सरली.

तेवढ्यात तळाला मटण लागल्याचा वास आला, आणि म्हातारीला उठावंच लागलं. कढईला कुणाच्या लाजेशी देणंघेणं नसतं. तिने तळ सोडवला, लसूण ओतली, वरून शिरका घातला आणि उलथणं बाहेर काढून धरलं. शिरका घातल्यावर उकळी येईपर्यंत ढवळायचं नाही, नाहीतर कच्चट राहतो. म्हणून सगळ्या उभ्या राहिल्या. नेमेसियोच्या नाकात तो वास शिरला, झाकणाच्या फटीतून दोन वर्षं येत होता तोच, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते त्याने पुसलं नाही. धुरामुळे, असंही तो म्हणाला नाही.

उकळी आली. तिने ढवळलं, वेळ जाऊ दिला, पुन्हा ढवळलं. मग एका बशीत मटणाचा तुकडा आणि दोन चमचे रस घेतला आणि सगळ्यांच्या मधून चालत येऊन तिने ती बशी त्याच्यापुढे धरली.

"खा."

त्याने बोटांनी तुकडा उचलला. जीभ भाजली. बायका बघत होत्या, दोरा बघत होती, मिरी कुटणाऱ्या दोघीही. तो चावत राहिला. आंबट, खारट, लसणीचा जाळ, आणि मटण असं की दाताला कामच नाही. रससुद्धा प्यायला तो, बशी तोंडाला लावून.

"कसं झालंय?" तिने विचारलं.

"छान झालंय, नानाय."

तिने रिकामी बशी त्याच्या हातातून घेतली, आणि बायकांकडे वळली.

"याच्या सांगण्यावर जाऊ नका," ती म्हणाली. "दोरा, तू चाखून बघ."